‘टाकून द्या’ : प्रयोगवहीतल्या एका क्रियापदाविषयी

साहित्याच्या अभ्यासकांनी ज्या गद्याकडे सहसा पाहिलेले नाही, त्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीचे गद्य येते. वाक्ये आखूड, विशेषणांना जवळजवळ मज्जाव, कर्ता अध्याहृत. ‘घ्या’, ‘मिसळा’, ‘ढवळा’, ‘तापवा’, ‘गाळा’, ‘धुवा’ अशी आज्ञार्थी क्रियापदे एकामागून एक येत जातात आणि शेवटी निरीक्षण व अनुमान यांची दोन रकान्यांची चौकट येते. आमच्याकडे छापील पुस्तके इंग्रजी आणि प्रयोगशाळेतल्या तोंडी सूचना मराठी असा दुहेरी कारभार असतो. व्याकरण मात्र दोहोंचे एकच. मी रसायनशास्त्राचा शिक्षक. आधी लातूर जिल्ह्यात आणि नंतर नांदेडला, मिळून आयुष्याची बरीच वर्षे ही भाषा बोलण्यात गेली. साहित्य हा माझा विषय नव्हे, ती आवड आहे. आणि बहुधा त्या आवडीमुळेच या गद्यातले एक क्रियापद कानाला खटकू लागले. ते क्रियापद म्हणजे ‘टाकून द्या’.

प्रयोगवहीतल्या प्रत्येक क्रियेला स्थळाचा वा रीतीचा तपशील जोडलेला असतो. परीक्षानळीत घ्या, वॉटर बाथवर तापवा, थेंबाथेंबाने मिसळा, बर्फात ठेवा. ‘गाळा’ म्हटल्यावर दोन गोष्टी हाती येतात : गाळणी कागदावर राहिलेला साका आणि खाली उतरलेला द्रव. त्यातले जे हवे ते पुढच्या पायरीसाठी ठेवायचे आणि नको ते टाकून द्यायचे. कुठे, ते सांगितलेले नसते. एरवी इतके काटेकोर असलेले हे गद्य नेमके येथे सप्तमी विसरते. मराठीत ‘देणे’ आणि ‘घेणे’ ही सहायक क्रियापदे कृतीची दिशा दाखवतात. ‘लिहून घेणे’ आणि ‘लिहून देणे’ यांतला फरक शाळकरी मुलालाही कळतो. ‘टाका’ म्हणून भागले असते, तरी आपण ‘टाकून द्या’ म्हणतो. वैयाकरण सांगतील, की येथे ‘देणे’ केवळ क्रियेची पूर्तता आणि वस्तूचे कर्त्यापासून दूर जाणे सुचवते. ते खरेही आहे. तरी देणे म्हटले की घेणारा आला, हा लौकिक अर्थ मनातून जात नाही. तो घेणारा कोण, हा प्रश्न विज्ञानशिक्षणात कोणी विचारायचा आणि कोणत्या तासाला, याविषयी मला काही म्हणायचे आहे.

हरित रसायनशास्त्र नावाची जी विचारसरणी गेल्या साडेतीन दशकांत उभी राहिली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे असे मला वाटते. १९९० साली अमेरिकेने प्रदूषण-प्रतिबंधाचा कायदा केला. तोवरचा सारा भर प्रदूषण झाल्यावर ते निस्तरण्यावर होता. या कायद्याने ते होऊच न देण्याचे धोरण पुढे ठेवले. पुढे १९९८ मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या पुस्तकात या शास्त्राची बारा तत्त्वे मांडली. पहिले तत्त्व सांगते, की कचरा निर्माण करून मग साफ करण्यापेक्षा तो निर्माणच न होऊ देणे बरे. बाकीची तत्त्वे एका अर्थी या पहिल्याचाच विस्तार आहेत : वापरलेले अणू शक्यतो सारे अंतिम पदार्थात यावेत, विद्रावक निरुपद्रवी असावा, ऊर्जा कमी लागावी, कच्चा माल पुन्हा उगवणारा असावा, पदार्थ वापरानंतर निसर्गात विघटित व्हावा, अपघाताची शक्यता मुळातच कमी असावी.

यांतल्या वॉर्नर यांची एक हकिगत त्यांनी स्वतः अनेक व्याख्यानांत सांगितली आहे. औद्योगिक संशोधनात त्यांचे नाव झालेले असताना त्यांचा दोन वर्षांचा मुलगा जन्मजात यकृतविकाराने गेला. त्या रात्री त्यांना प्रश्न पडला, की आपण आयुष्यात जी असंख्य संयुगे हाताळली, त्यांतल्या एखाद्याने तर हे झाले नसेल? उत्तर मिळण्यासारखे नव्हते. पण त्या प्रश्नातून दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली : पदार्थ घडवण्याचे सर्वोच्च शिक्षण घेताना, एखादा रेणू विषारी कशामुळे होतो हे त्यांना कोणत्याही वर्गात कोणी शिकवलेले नव्हते. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन केंद्रात हरित रसायनशास्त्रातला जगातला पहिला पीएच.डी. अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. मला या हकिगतीतला शोक जितका जाणवतो, तितकाच त्यातला अभ्यासक्रमावरचा आक्षेपही जाणवतो. एखादे शास्त्र आपल्या विद्यार्थ्याला काय शिकवते, यावरून त्याची थोरवी ठरत असेल. पण ते काय शिकवायचे राहून जाते, यावरून त्याची नीती ठरते.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या २०२० च्या पाठ्यपुस्तकात हरित रसायनशास्त्र आहे. सोळावे प्रकरण, हरित रसायनशास्त्र आणि अब्जांशी रसायनशास्त्र असे दोघांचे मिळून एक, आणि पुस्तकातले शेवटचे. शाश्वत विकास आहे, बाराही तत्त्वे उदाहरणांसह आहेत. पण ज्याने लातुरात एक तरी शैक्षणिक वर्ष काढले आहे, त्याला शेवटच्या प्रकरणाचे नशीब सांगायला नको. जानेवारी उजाडेपर्यंत सराव परीक्षांचा हंगाम सुरू होतो आणि जे ‘नीट’मध्ये नाही ते कुठेच उरत नाही. राष्ट्रीय स्तरावर तर उलटाच प्रवास झाला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पर्यावरणीय रसायनशास्त्राचे प्रकरण होते आणि त्याच्या अखेरीस हरित रसायनशास्त्र. २०२३ च्या छपाईत अभ्यासक्रमाचे ओझे कमी करण्यासाठी ते सबंध प्रकरण गळाले आणि २०२४ च्या ‘नीट’च्या अभ्यासक्रमातूनही गेले. गाळल्यावर जे उरते त्याविषयीचे प्रकरणच गाळून टाकले गेले, यातला उपरोध साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

‘लातूर पॅटर्न’ची टिंगल करण्याचा मात्र माझा हेतू नाही. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांतून ती पुष्कळ झाली आहे आणि त्यात थोडी असूयाही होती. निजामी राजवटीत शिक्षणापासून दूर राहिलेल्या या प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या मुलांना शहरातल्या मुलांच्या बरोबरीने वैद्यक-अभियांत्रिकीच्या दारात उभे करण्याचे काम या पद्धतीने केले, हे नाकारता येणार नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य आणि पुढे १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक आणि आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचे अभ्यासक, ही गोष्ट येथे मुद्दाम आठवावीशी वाटते. या भागात विज्ञान आणि साहित्य यांच्या भिंती इतक्या जाड कधीच नव्हत्या. जे नरहर कुरुंदकर मराठी समीक्षेत आदराने वाचले जातात, ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे प्रयोगशाळांच्या किल्ल्या आणि खर्चाची बिले त्यांच्याही टेबलावर येत असणार. तेव्हा लातूर पॅटर्नला दोष न देता एवढेच म्हणावे, की त्याने बरोबर उत्तर काढण्याची विद्या परमावधीला नेली. उत्तर काढताना मागे जे उरते ते पाहण्याची विद्या वेगळी असते आणि तिला गुण नसतात.

पदवीच्या वर्गांना गुण देऊन पाहिलेही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००४ पासून पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरणशास्त्र अनिवार्य झाले. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणीही सुटले नाही. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात काय झाले ते माझ्या शिक्षक वाचकांना ठाऊक आहे : झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले, मुखपृष्ठावर झाडाचे चित्र, आत गावातल्या ओढ्याचे निरीक्षण; आणि तोच ओढा सबंध वर्गाच्या वहीतून वाहत गेला. विषय सर्वांचा झाला तो कोणाचाच उरला नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत यात एक अधिकचा तोटा झाला. पर्यावरण ही प्रयोगशाळेबाहेरची, वेगळ्या तासाची, वेगळ्या वहीची गोष्ट आहे असा त्याचा समज पक्का झाला. सकाळी तो या विषयाच्या पेपरात नदीप्रदूषणाची कारणे लिहितो आणि दुपारी प्रात्यक्षिकात शिशाचे द्रावण बेसिनमध्ये ओततो. दोन्ही ठिकाणी त्याला पूर्ण गुण मिळतात.

या दोन वह्यांमधली भिंत मी एकदाच, आणि तीही नाइलाजाने, पडलेली पाहिली. ते वर्ष २०१६. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमाव जमू नये म्हणून मार्च महिन्यात १४४ कलम लावले गेले. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर, अंतर जवळपास ३४० किलोमीटर. पुढे तिच्या वाघिणी पन्नास झाल्या. ‘जलदूत’ हे तिचे नाव. कालिदासाच्या मेघाची आठवण करून देणारे ते नाव ज्याने सुचवले, त्याला विरह कळत असावा. त्याच दिवसांत आमच्या पदवी वर्गांच्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. टँकरचे पाणी निळ्या पिंपांत भरून ठेवलेले, आणि टेबलावर कंडेन्सर मांडलेले. कंडेन्सरची रीत अशी, की वाफ थंड करण्यासाठी त्याच्या बाहेरच्या नळीतून नळाचे पाणी एका बाजूने घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने सरळ बेसिनमध्ये सोडायचे. ते पाणी कशालाही शिवत नाही, मळत नाही. फक्त थोडे तापते आणि निघून जाते.

किती निघून जाते, याचा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसतो. एक लिटर शुद्ध पाणी ऊर्ध्वपातनाने मिळवायचे, तर तेवढ्या वाफेतून सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. थंड करणारे पाणी ४० अंशांनी तापू दिले, तर त्याचा एक लिटर सुमारे १६८ किलोज्यूल उष्णता नेतो. म्हणजे एका लिटरसाठी साडेतेरा लिटर. आणि नळ जरा मोकळा सोडला की याच्या दुप्पट-तिप्पट. हा हिशेब मी त्या एप्रिलमध्ये फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती एरवी कोणत्याही सूत्राला लाभत नाही. त्या मुलांच्या घरी हंड्यांचा हिशेब रोज चालला होता. साडेतेरा लिटर म्हणजे जवळजवळ एक हंडा, हे त्यांना सांगावे लागले नाही.

त्यातून वाट काढली ती आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांनी, ज्यांना सारे कॉलेज मामा म्हणत असे. त्यांनी घरच्या कूलरचा छोटा पंप आणला, बादलीत सोडला आणि रबरी नळीने कंडेन्सरला जोडला. पाणी बादलीतून वर, कंडेन्सरमधून परत बादलीत. फार तापले की बादली बदलायची आणि तापलेले पाणी काचसामान धुण्याला घ्यायचे. मराठवाड्यात कूलर नाही असे घर विरळा आणि हा पंप बाजारात कुठेही मिळतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती मांडणी पाहिली, हसले, आणि जाताना पंपाची किंमत विचारून घेतली. बारा तत्त्वांपैकी एकही मामांना ठाऊक नव्हते. विद्यार्थ्यांना मात्र ती त्या दिवशी पहिल्यांदा समजली असे मला वाटते. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला आणि बहुतेक टेबलांवर नळ पुन्हा वाहू लागले. टंचाईने शिकवलेले टंचाईबरोबर गेले. ते टिकवायचे तर त्याला परीक्षेच्या वहीत जागा हवी, हा धडा मी त्यातून घेतला.

पाण्यानंतर अणूंच्या हिशेबाकडे वळू. हरित रसायनशास्त्रातली एक सुंदर कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली मांडली. तिला आपण अणूंची काटकसर म्हणू. प्रयोगात किती माल मिळाला एवढेच न विचारता, घेतलेल्या अणूंपैकी किती अंतिम पदार्थात उतरले हे विचारायचे. पदवीच्या वर्गात ॲनिलीनपासून ॲसिटॅनिलाइड करतात. ॲसेटिक ॲनहायड्राइड वापरले, तर रेणुभार ९३ अधिक १०२, बेरीज १९५. मिळालेला पदार्थ १३५ आणि ६० भाराचे ॲसेटिक आम्ल उपपदार्थ. काटकसर ६९ टक्के. त्याऐवजी साधे ॲसेटिक आम्ल आणि चिमूटभर जस्ताची पूड वापरली, तर ९३ अधिक ६०, बेरीज १५३. मिळतात तेच १३५ आणि उपपदार्थ म्हणून पाणी. काटकसर ८८ टक्के. विद्यार्थ्याने पहिल्या रीतीने कितीही निगुतीने काम केले, तरी जवळजवळ एकतृतीयांश माल टाकून देणे त्याच्या रीतीतच लिहिलेले आहे. दोष हाताचा नसून रीतीचा आहे, हे कळणे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे सगळे दोष मुलांच्या हातांना चिकटवण्याची परंपरा आहे.

पण हिशेबावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. बेंझोइन तयार करण्याचा जुना प्रयोग घ्या. बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू एकमेकांना जुळतात. १०६ अधिक १०६ म्हणजे २१२, आणि पदार्थही २१२. काटकसर १०० टक्के, एकही अणू वाया नाही. मात्र ही अभिक्रिया घडवणारा उत्प्रेरक असतो सायनाइड. हिशेब चोख, आणि टेबलावर प्राणघातक विष. याच प्रयोगात सायनाइडऐवजी थायमिन, म्हणजे साधे ‘ब १’ जीवनसत्त्व, तेच काम करते. जरा सावकाश करते इतकेच. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने हरित प्रयोगांची जी पुस्तिका काढली, तिच्यात हे दोन्ही प्रयोग नव्या रीतीने दिलेले आहेत. बेंझोइनचा प्रयोग शिकवताना मला नेहमी वाटते, की येथे रसायनशास्त्र संपून विवेक सुरू होतो. बारापैकी कोणते तत्त्व कोठे महत्त्वाचे, दोन तत्त्वे परस्परांच्या आड आली तर काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही सूत्रात नाही. ते साहित्याच्या वर्गात जसे शोधावे लागते तसे, प्रत्येक उदाहरणापाशी थांबून शोधावे लागते.

ज्यांनी विज्ञान शाखेच्या शेजारच्या खोलीत मराठी वा इतिहास शिकवला आहे, त्यांना किपचे उपकरण नावाने माहीत नसले तरी वासाने माहीत असेल. क्षारांच्या पृथक्करणात हायड्रोजन सल्फाइड वायू लागे आणि तो सडक्या अंड्यांच्या वासासह सगळ्या मजल्यावर फिरे. आमचे एक मराठीचे सहकारी तास सुरू करण्यापूर्वी खिडक्या लावून घेत आणि म्हणत, ‘आज बीभत्स रस तुमच्याकडून.’ त्या वायूने शिशाचा काळा, कॅडमियमचा पिवळा, अँटिमनीचा नारिंगी साका पडतो. दृश्य खरोखर देखणे असते, आणि या पृथक्करणातली तर्काची शिस्त मला आजही प्रिय आहे. ती जावी असे मी म्हणणार नाही. पण प्रमाण? ८० विद्यार्थी, प्रत्येकी १० क्षार, प्रत्येक क्षाराचा एक ग्रॅम धरला तरी वर्षाला ८०० ग्रॅम होतात. त्यात शिसे आले, कॅडमियम आले, बेरियम आले. वर ब्युरेट धुण्यासाठीचे क्रोमिक आम्ल. हेच पृथक्करण चिनी मातीच्या खळगेदार पट्टीवर थेंबाथेंबाने केले, तर दशांशात भागते. रंग तेवढेच स्पष्ट दिसतात, खर्च कमी होतो आणि उरलेले थेंब एका बाटलीत जमा करता येतात.

हे मी एकदा वर्गात सांगत असताना पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, पण आता बेसिनमधून हे कुठं जातं?’ ती कंधार तालुक्यातल्या एका खेड्याहून येत असे. मी काही बोलण्याआधी मामाच म्हणाले, ‘चल, दाखवतो.’ आम्ही सारेच उतरलो. इमारतीमागे शोषखड्डा होता. दगडविटांनी भरलेला, वर फरशी. तेथून बोअरपर्यंतचे अंतर त्या मुलीने पावलांनी मोजले. बेचाळीस पावले. ते पाणी पिण्यासाठी वापरात नव्हते, बागेला जात होते. त्या पाण्यात अमुक सापडले असे मी येथे म्हणत नाही. परंतु परत वर आल्यावर तिने आपल्या प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान यांच्या शेजारी पेन्सिलीने तिसरा रकाना आखला आणि त्यावर लिहिले : ‘उरले काय, गेले कुठे’. माझ्या शिक्षकी जीवनात मी पाहिलेली अभ्यासक्रमाची ही सर्वांत चांगली दुरुस्ती. ती कोणत्याही अभ्यासमंडळापुढे गेली नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हरित रसायनशास्त्रावर आपल्याकडे संशोधन तर पुष्कळ होते. होते. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे शोधनिबंध निघाले, त्यांत हे विशेषण वारंवार भेटते. पाण्यात केलेली अभिक्रिया, विद्रावकाविना केलेली अभिक्रिया, मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत उरकलेली अभिक्रिया, लिंबाच्या रसाने घडवलेली अभिक्रिया. त्यांतले काही काम चांगले आहे. अपुऱ्या साधनांत ते झाले आहे, हे ध्यानात घेता त्याचा आदर वाटतो. पण समीक्षेच्या अभ्यासकाला एखादा शब्द फार वापरात आला की जो संशय येतो, तो मलाही येतो. दहा मिलिलिटर पाण्यात अभिक्रिया करायची आणि तिचा पदार्थ शुद्ध करताना लिटरभर हेक्झेन व इथाइल ॲसिटेट ओतायचे, तर शीर्षकातले विशेषण नेमके कोणाचे? रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक साधे मापन दिले : एक किलो मालामागे किती किलो कचरा. खनिज तेल शुद्ध करण्यात हे प्रमाण ०.१ च्याही खाली, आणि औषधनिर्मितीत २५ ते १०० वा त्याहून अधिक. ज्या औषधांच्या नावाने आमची मुले ‘नीट’ची तयारी करतात, त्यांच्या गोळीमागे तिच्या पंचवीसपट-शंभरपट वस्तुमान कोठे तरी टाकून दिलेले असते. शीर्षकात ‘हरित’ लिहिण्याआधी हा आकडा काढण्याचा दंडक घातला, तर कितीतरी निबंधांची शीर्षके आखूड होतील.

आणखी एका सोप्या पळवाटेविषयी बोलायला हवे. हल्ली अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत प्रयोगशाळा उघडतेच कमी. प्रवेश एकीकडे, शिकवणी दुसरीकडे. प्रात्यक्षिकांचे ३० गुण कसेबसे पार पडतात. प्रयोग पडद्यावर दाखवला जातो. कुलूप लावलेल्या प्रयोगशाळेतून कचरा निघत नाही, पाणी वाहत नाही, वायू पसरत नाही. केवळ कचऱ्याच्या मोजमापाने पाहिले, तर ती सर्वांत हरित प्रयोगशाळा ठरेल. हा युक्तिवाद मी गंभीरपणे केलेला ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. ज्याने द्रावण स्वतः ओतले नाही, त्याला ते कुठे गेले हा प्रश्न पडूच शकत नाही. बोटांना लागलेला सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग आठवडाभर जात नाही, तेव्हा पदार्थ टिकतो म्हणजे काय हे कातडीला कळते. उद्या हीच मुले औषधांच्या, खतांच्या, कीटकनाशकांच्या कारखान्यांत रीती ठरवणार आहेत. भोपाळच्या टाकीत १९८४ साली मिथाइल आयसोसायनेट टनांनी साठवलेले होते, ते एका रीतीचा भाग म्हणून. ते इतके साठवण्याची गरजच पडू नये अशी रीत शोधणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम आहे. पडद्यावरच्या परीक्षानळीतून तो शास्त्रज्ञ घडेल असे मला वाटत नाही.

तर मग काय करावे? नवा विषय, नवे प्रकरण, नवा अनिवार्य पेपर यांची मागणी मी करणार नाही. त्यांचे काय होते ते पाहिले आहे. माझी सूचना लहान आहे. विद्यापीठाच्या प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या वहीत तो तिसरा रकाना छापावा आणि त्याला दोन गुण ठेवावेत. विद्यार्थ्याने प्रयोगाअखेर लिहावे : उरले काय, किती, कोणत्या बाटलीत ठेवले किंवा कुठे सोडले, आणि ते कमी कसे करता आले असते. परीक्षकाने तोंडी परीक्षेत एक प्रश्न त्यावर विचारावा. लातूरचा विद्यार्थी दोन गुणांसाठी काय करू शकतो, हे सबंध महाराष्ट्राला माहीत आहे. त्या जिद्दीला नव्वद टक्क्यांच्या पलीकडचे एखादे काम देऊन पाहावे.

राहिला घेणाऱ्याचा प्रश्न. नांदेडच्या नाल्यांतून जे जाते ते गोदावरी घेते. लातूरकडून जे जाते ते मांजरा घेते. ती बीदरकडून तेलंगणात शिरते, सिंगूर आणि निजामसागर या धरणांत थांबते, आणि मोठा वळसा घेऊन पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर येते. कंदकुर्तीला मांजरा गोदावरीला मिळते. पर्वणीला तेथे स्नान करणाऱ्यांत दोन्ही बाजूंचे लोक असतात, मराठी बोलणारे आणि तेलुगू बोलणारे. तेथून थोड्याच अंतरावर श्रीरामसागर, आणि त्यापुढे त्या पाण्यावर पिकणारी शेते. आमच्या दोन्ही शहरांतल्या बेसिनमधून सुटलेल्या पाण्याचा प्रवास त्याच दिशेने आहे. मराठी भाषेने ‘टाकून’च्या पुढे ‘देणे’ लिहून ठेवले, ते कोणी विचारपूर्वक केले असेल असे नाही. पण लिहिले आहे, तर घेणाऱ्याचा पत्ता प्रयोगवहीत असायला हरकत नाही.